मातामायचा कोंबडा

"पाठ नोको दाखवू वं पोरी! पाठ दाखवली का त्यानं मारलंच समज. डोळ्यात डोळा घाल त्याच्या, डोळ्यात!"

हा आवाज वामनरावांचा. सक्करदऱ्याच्या तळ्यापलीकडे त्यांचं वावर होतं. वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर, हिवाळ्यात गोबी. मोटेवर बैलांना हाकून हाकून त्यांचा आवाज असा झाला होता की विहिरीवरून बोलले तरी ओसरीतल्या माणसाला शेजारी बसून बोलल्यासारखं वाटावं. ते वारले त्याला अजून वर्ष पुरं झालं नव्हतं. पण त्यांची थोरली लेक गोपिका हिच्या कानात हा आवाज होता तो तिच्या लहानपणीचा, हसरा. अंगणातलं लेकरू आणि कोंबडा यांच्यातली गंमत बघणाऱ्या माणसाचा.

ते साल एकसष्ट-बासष्टचं असेल. तेव्हा वावरातल्या घरी कोंबडा म्हणजे लेकरांचा पहिला मास्तर. शाळेतला मास्तर छडी मारी, हा चोच मारी. लेकरू रडत आलं की मोठी माणसं पहिल्यांदा हसत, मग विचारत, "पळाला होता का बे?" पळाला असेल तर चूक लेकराची. कोंबड्याला कोणी बोल लावत नसे. "कोंबड्याले भेणारं पोट्टं उद्या बैल काय जुपन?" असं वामनराव म्हणत, आणि ते म्हणत म्हणजे आजूबाजूचे चार वावरवालेही तेच म्हणत.

गोपिका आठेक वर्षांची असताना एका सकाळी ती विहिरीकडे न्याहारी घेऊन निघाली होती. डोक्यावर भाकरीची टोपली. उकिरड्यावरून तांबडा कोंबडा उतरला, एक पंख जमिनीला घासत, आडवा आडवा चालत तिच्यापुढं आला. ती पळाली नाही. बापानं सांगितलं होतं तशीच उभी राहिली. टोपली दोन्ही हातांनी धरलेली, मान ताठ, आणि त्याच्या त्या पिवळ्या गोल डोळ्यात डोळा घातलेला. कोंबड्यानं उडी घेतली. पळाली असती तर पोटरीवर लागलं असतं. ती समोर उभी होती, म्हणून तोंडावर लागलं. पायामागचा काटा डाव्या डोळ्याखाली शिरला.

"पाठ दाखवली असन," वामनराव म्हणाले.

"हो," गोपिका म्हणाली. आठ वर्षांच्या पोरीनं बापाला काय म्हणावं?

आईनं, रुखमाबाईनं, जखमेत हळद भरली, वर एरंडाचं पान बांधलं. सूज उतरली. गालावर तांदळाएवढा व्रण राहिला, आणि व्रणाभोवती रुपयाएवढी जागा बधिर झाली. आंघोळीचं पाणी तिथून वाहायचं ते तिला कळायचं नाही. डोळा मात्र जसाच्या तसा दिसायचा. बाहेरून. आतून त्याला भाताच्या पेजेसारख्या पांढुरक्या धुक्यापलीकडं काही दिसत नव्हतं. कुठं उजेड आहे आणि कुठं नाही, बस तेवढं.

आज जाईल, उद्या जाईल, असं करत ती राहिली. मग एका पहाटे, आई दळत असताना, जात्यापाशी जाऊन बसली आणि हळूच म्हणाली, "माय, मले या डोळ्यानं दिसत नाही."

जातं थांबलं. पिठानं भरलेली बोटं रुखमाबाईनं लेकीच्या ओठांवर ठेवली. शेजारच्या बळीरामची बहीण यमू, तिच्या डोळ्यात फूल पडलेलं. सारा गाव तिला 'काणी' म्हणे, आणि दोनदा पाहुणे येऊन नुसता चहा पिऊन गेले होते. रुखमाबाईला त्या क्षणी डोळ्यापुढं यमूच दिसली असणार.

"काही नाही झालं तुले," ती म्हणाली. "कोणी विचारलं तं काही नाही झालं म्हणजो. समजलं?"

जातं पुन्हा फिरू लागलं. त्यानंतर त्या दोघी या गोष्टीवर कधी बोलल्या नाहीत. आई विसरली, की तिनं स्वतःलाच पटवून घेतलं, ते गोपिकेला कळलं नाही. हळूहळू तिनं स्वतःही विचारणं सोडलं. न बोललेलं दुखणं असंच असतं. आधी ठणकतं, मग मुरतं, मग तिथं नुसती जागा राहते.

लग्न झालं लकडगंजात. नवरा शालिकराम एका लाकडाच्या टालीवर कामाला होता. अबोल, सरळ, रोज संध्याकाळी अंगाला सागवानाचा भुसा लावून घरी येणारा. सासू कडक. "आमच्या शालिकरामले आम्ही पारखून बायको आणली, नखात खोट नाही," असं ती चार बायकांत सांगायची, आणि गोपिका खाली मान घालून कपात चहा ओतायची. ओतताना कपाच्या काठाला किटलीचं तोंड आधी टेकवून घ्यायचं, मग ओतायचं. रस्ता ओलांडताना मान पूर्ण वळवायची. डाव्या हाताला कोणी आलं तर पावलांवरून ओळखायचं. दोन पोरं झाली, शाळेत जाऊ लागली. शालिकरामला काही कळलं नाही. खोट निघाली तर सासू काय करील याचा विचार तिनं पहिल्या वर्षी रोज केला. नंतर तो विचारही त्या गालासारखा झाला. हात लावला तरी काही लागेना.

आता चौऱ्याऐंशीचा चैत्र. बापाचं वर्षश्राद्ध जवळ आलं, तयारीला हातभार म्हणून गोपिका पोरांना सासूपाशी ठेवून चार दिवस माहेरी आली होती. घर तेच, पण भोवतालचं वावर आटलं होतं. तळ्याच्या बाजूला चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडले होते. बळीरामनं शेती सोडून कोंबड्यांचं शेड टाकलं होतं. लांबच लांब, जाळीचं, आत पांढऱ्या कोंबड्या एकीला एक चिकटून. तिथं कोंबडा नव्हताच. अंडी कोंबड्यावाचून होतात, हे पाहायला आधी आधी लोक मुद्दाम येत.

वामनरावांच्या अंगणात मात्र कोंबडा होता. तांबडाच. आणि तो साधासुधा नव्हता, मातामायचा होता.

झालं असं की दोन वर्षांपूर्वी गोपिकेच्या धाकट्या भावाची, रुपरावची, लेक तारा गोवरानं फणफणली. "अंगावर माता आली," रुखमाबाई म्हणाली, आणि तिनं खुराड्यातलं एक तांबडं पिल्लू उचलून लेकरावरून ओवाळलं. पायात लाल दोरा बांधला. तारा वाचली तर येत्या चैत्रात हा कोंबडा मातामायला. तेव्हा तिनं रचून म्हटलेली ओवी ती अजून गुणगुणायची:

"लाल तुऱ्याचा राजा बाई, उभा उकिरडी,
तान्हीच्या जिवासाठी, माते, तुले त्याची कुरवंडी."

तारा वाचली. पण तो चैत्र आला तेव्हा वामनराव अंथरुणाला खिळलेले होते, आणि घरात माणूस असा पडलेला असताना नवस फेडायचा नाही. वैशाखात ते गेले. मग वर्षभर सुतकाची छाया, तेव्हाही नवस फेडायचा नाही. असा तो कोंबडा चैत्रामागून चैत्र जगत राहिला. एकदा देवीच्या नावानं सोडलेल्या जनावराला विकता येत नाही, मारता येत नाही, त्याच्यावर हात उगारणंही वाईट. आणि हे त्याला कोणी सांगितलं होतं कोण जाणे, पण तो तसंच वागायचा. पोस्टमन फाटकाबाहेरून नाव पुकारायचा. बळीराम पलीकडून ओरडायचा, "रुपराव, कोंबडा पोसला का हवालदार गा? पेन्शन देऊन टाक त्याले!"

आणि ज्या ताराच्या जिवासाठी तो जगत होता, तिच्यावर त्याचा सगळ्यात राग. पाच वर्षांच्या पोरीच्या दोन्ही पोटऱ्या टोचल्याच्या खुणांनी भरल्या होत्या. ती अंगणात उतरायची नाही. परसाकडेलाही मोरीतच बसायची. झोपेत एकदा "आला, आला" करून उठली.

रुपरावची बायको देवकी शहरात, धरमपेठेत वाढलेली. तिच्या माहेरच्या अंगणात एक तुळस आणि एक नळ, तिसरं काही नव्हतं. कोंबड्याचं पहिलं वर्ष तिनं सोसून घेतलं. आता सोसत नव्हती.

"अख्ख्या जगात लोकं लेकरांसाठी कोंबडे कापतात," ती चुलीपुढून म्हणाली, "आणि आपण कोंबड्यासाठी लेकरू कोंडून ठेवून राहिलो."

"तोंड आवर वं," रुखमाबाई म्हणाली. "त्याच्याच पुण्याईनं लेकरू दिसून राहिलं तुले."

"मग बळीरामच्या जाळीत ठेवा त्याले."

"देवीचा कोंबडा जाळीत? उद्या देवीले कोंडजो मग."

रुपराव दाढी करत होता. बापासारखाच दिसायचा, आणि बाप गेल्यापासून बापासारखं बोलायचाही. आरशातूनच म्हणाला, "काही होत नाही देवके. लहानपणी सगळ्यायलेच मारते कोंबडा. ह्या आमच्या बाईले तं तोंडावर मारलं होतं. पाह्य, हाये ना चांगली? दोन पोट्ट्यायची माय झाली."

सगळ्यांनी गोपिकेकडं पाहिलं. ती सुपात तूर निवडत बसली होती. या घरात कोंबड्याची गोष्ट निघाली की शेवटी तिच्यापाशी येऊन थांबायची. तीच पुरावा होती. तिला काही झालं नव्हतं, म्हणून कोणालाच काही होत नव्हतं.

"होय ना बाई?" रुपराव.

"हो," गोपिका म्हणाली. आठ वर्षांची असताना म्हणाली होती तसंच.

दुपारी सगळे पडले तेव्हा देवकी तिच्यापाशी येऊन बसली. ताराला मांडीवर थोपटत होती. मग हात लांबवून तिनं गोपिकेच्या गालावरचा व्रण बोटानं हलकेच दाबला.

"दुखते, बाई?"

"नाही."

"इथं?"

"नाही."

"काहीच नाही लागत?"

"बोट लावलं का तू?" गोपिकेनं विचारलं.

देवकीचं बोट अजून तिथंच होतं. तिनं ते काढून घेतलं. मोठ्या डोळ्यांनी पाहत राहिली. "तुम्ही खरं सांगा बाई. तुम्ही सांगितलं तं हे ऐकतीन. माह्यं कोणी ऐकत नाही, मी शहरातली."

गोपिकेला वाटलं, आता सांगावं. ओठ हललेसुद्धा. पण ओठांवर तिला पिठाची चव आली, आणि पलीकडं भिंतीकडं तोंड करून झोपलेल्या आईनं कूस बदलली. उद्या शालिकराम न्यायला येणार होता. सांगितलं तर त्यालाही कळणार. मग लकडगंजात सासूला कळणार, चार बायकांना कळणार. 'पारखून आणली' म्हणणारी ती काय म्हणेल? काणी. फसवून दिली. पोरांच्या सोयरिकीपर्यंत ते पुरेल. आणि शालिकराम काय म्हणेल, ते तर तिला मुळीच कळेना. इतकी वर्षं त्याच्या ताटात वाढलं, त्याच्या अंगावरचा भुसा झटकला, पण तो कशावर चिडतो ते तिला ठाऊक नव्हतं. तो चिडलाच नव्हता कधी.

"होते तसं," ती म्हणाली. "मोठी झाली का भेव जाते."

देवकी उठून गेली.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळीच रुपरावनं जाहीर केलं, "आज पोट्टीचं भेव मोडून टाकतो. बाबा असते तं कधीच मोडलं असतं."

तारा दाराच्या चौकटीला दोन्ही हातांनी धरून होती. त्यानं एक एक बोट सोडवलं, हसत, लाडानं. तो दुष्ट नव्हता. अंगणाच्या मधोमध तिला नेऊन उभं केलं आणि हातात तुरीची एक काडी दिली.

"मारायचं नाही बरं, देवीचा हाये तो. नुसती दाखवायची. उभी राय. पळायचं नाही. डोळ्यात पाह्य त्याच्या."

देवकी विहिरीवरून भरली घागर टाकून धावली, पण रुखमाबाईनं तिचा दंड धरला. "थांब वं. मधात नोको जाऊ. एकडाव उभी राह्यली का जन्मभर भेणार नाही."

"लेकरू कापून राहिलं, आई!"

"कापू दे. आमच्या गोपीनं नाही का सोसलं?"

कोंबडा उकिरड्यावरून उतरला. त्याच्या पायातला लाल दोरा मळून काळा झाला होता. एक पंख जमिनीला घासत, आडवा आडवा, तो यायला लागला. काही घाई नव्हती त्याला.

गोपिका ओसरीच्या पायरीवर मांडीवर सूप घेऊन तूर निवडत होती. तिनं ताराकडं पाहिलं. वाटलं होतं पोर आता पळेल, किंचाळेल, फतकल मारून बसेल. तारा पळाली नाही. बाप म्हणाला होता तशी ती उभी होती. काडी दोन्ही हातांनी धरलेली, मान ताठ, पायावरून पाण्याची एक ओली रेघ खाली उतरत होती, आणि डोळे कोंबड्याच्या डोळ्यांत घातलेले. पूर्ण उघडे. पापणीही न लववता.

किती शहाणी पोर, असं गोपिकेच्या मनात आलं. आणि मग ती उठली.

धावली नाही. चालत गेली. मांडीवरचं सूप घरंगळलं, तूर पायरीवरून सांडत गेली, ते तिला कळलं नाही. ताराला तिनं उचललं, तिचं तोंड आपल्या खांद्यात दाबलं आणि कोंबड्याकडं पाठ केली. मागून तो उडाला. एकदा कमरेवर, एकदा पाठीवर. लुगड्यातून काटा आत गेला ते तिला समजलं, पण दुखण्यासारखं काही वाटलं नाही. कोणीतरी दुसऱ्याच्या दारावर थाप मारावी तसं. ती तशीच ओसरीपर्यंत आली. तारा आता कुठं रडायला लागली होती, आवाज न करता, नुसती हुंदक्यांनी हलत.

"बाई, तू काहून मधात आली वं?" रुपराव खरोखर वैतागला होता. "उभी होती ना ते! चांगली उभी होती! आता पुन्हा पयल्यापासून."

"दे इकडे माह्यी पोर," देवकी म्हणाली, आणि ताराला तिनं ओढूनच घेतलं.

तेवढ्यात फाटक वाजलं. पायांचा आवाज आला, जरा ओढत चालणारा, गोपिकेच्या ओळखीचा. शालिकराम आला होता. केळ्यांचा घड ओट्यावर ठेवल्याचा आवाज झाला, आणि तिच्या अगदी जवळून तो म्हणाला, "काय चाललं हो सकाळी सकाळी? रस्त्यापर्यंत आवाज येऊन राहिला."

"या भाटवे, या," रुपरावनं हसून घेतलं. "तुमची मंडळी कोंबड्याले भेली. लहानपणी बाबांनी इतकं शिकवलं, तरी पाठच दाखवली आज."

"ह्या?" शालिकराम हसला. "ह्या तं कशालेच भेत नाहीत."

"तेच म्हणून राहिलो मी. बाई, तूच सांग ना देवकीले एकडाव. तुलेही मारलं होतं ना कोंबड्यानं तोंडावर? मग? काय झालं तुले? सांग. काय झालं?"

तो टोमणा होता. उत्तर कोणाला नको होतं. पण एवढ्या वर्षांत हा प्रश्न तिला पहिल्यांदाच कोणी विचारला होता. तेव्हाही सगळ्यांनी आधीच सांगून टाकलं होतं, पाठ दाखवली असन, काही नाही झालं. विचारलं नव्हतं.

रुखमाबाई दारात उभी होती. तिनं मान हलवली, अगदी थोडी, नाही म्हणून. म्हणजे ती विसरली नव्हती. गोपिकेनं ते उजव्या डोळ्यानं नीट पाहिलं. राग आला नाही. आईनं पदराचं टोक बोटांना गुंडाळून घेतलं होतं, आणि ती खूप म्हातारी दिसत होती.

अंगणात कोंबडा पुन्हा उकिरड्यावर चढला होता. देवकीच्या खांद्यावरून तारा आत्याकडं बघत होती, नाक गळत, एकटक.

"मी पळाली नव्हती," गोपिका म्हणाली.

"काय?" रुपराव.

तिचा आवाज चढला नाही. भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तशी ती बोलली. "बाबा म्हणाले तशीच उभी होती मी. म्हणून तोंडावर लागलं. हे आता माह्या डाव्या अंगाले उभे हायेत. बोलले म्हणून समजलं मले. दिसून नाही राहिले. या डोळ्यानं मले काही दिसतच नाही, रुपा. त्या दिवसापासून."